पहिलं पातेलं हळद-मिठाचं

फार पूर्वी, मटणाला स्वतःची चव होती त्या काळात, एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाचं पोट डोंगरावरच्या गवतावर होतं.

त्या गवताची एक शिस्त होती. चुना फासलेले दगड रोवून डोंगराचे वाटे पाडलेले होते. मेंढरं एका वाट्यात शिरायची, शेंडे खायची, लेंड्या टाकायची, खुरांनी माती भुसभुशीत करायची आणि गवताच्या मुळाला तोंड लागायच्या आत पुढच्या वाट्यात जायची. मागच्या वाट्यात बी झडेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही. त्या उभ्या गवतात ससे आणि तितर पोसायचे. तेही सुगीनंतर, तेही मोजके धरायचे. अंड्यांवर बसलेली तितरीण दिसली, तर तोंड फिरवून घरी यायचं. मटण रोज मिळत नव्हतं, पण एका घरी शिजलं की पलीकडच्या आळीला कळायचं.

जत्रेत एक रीत होती. मटणाचं पहिलं पातेलं नुसत्या हळद-मिठात शिजवायचं. कांदा नाही, खोबरं नाही, तिखट नाही. त्याचा रस्सा आधी पंचांनी आणि परगावच्या पाहुण्यांनी प्यायचा, मगच बाकीच्या पातेल्यांत मसाला पडायचा. गावानं वर्षभर डोंगर कसा राखला, हे मसाल्याआड लपू नये म्हणून ही रीत.

पंच म्हणजे गावातले म्हातारे. त्यांचे दात पडले होते, भूक पडली नव्हती. एक दिवस त्यांना वाटलं, जत्रेची वाट कशाला बघायची? दर बाजाराला मटण पाहिजे. मग मेंढरं वाढवली. मग गवत पुरेना. थोरला पंच म्हणाला, "मागचे वाटे रिकामेच पडलेत की! सोडा आत." कुणी हूं की चूं केलं नाही. दगड उपटले, आणि चांगले घडीव दगड वाया कशाला घालवायचे म्हणून थोरल्या पंचानं त्या दगडांच्या आपल्या घराला पायऱ्या केल्या.

डोंगराला टक्कल पडलं. माती ओढ्यात गेली, तितर उडाले, गावाची मेंढरं राखणारा मेंढका उरलीसुरली मेंढरं घेऊन दुसऱ्या मुलखात गेला. आणि हे म्हातारे पारावर बसून म्हणायला लागले, "हल्लीच्या पोरांना काही राखता येत नाही. आमच्या वेळी गवत कमरेएवढं असायचं!"

असायचंच. गिळलं कुणी?

जत्रा जवळ आली. पंचांनी चार मेंढे अंधाऱ्या गोठ्यात दावणीला बांधून, पेंड आणि खरकटं घालून फुगवले होते. त्या मेंढ्यांनी ना ऊन पाहिलं, ना गवत.

पहिल्या पातेल्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात होता. सासूचे हात थरथरायला लागले, म्हणून त्या वर्षी पळी पहिल्यांदाच सुनेकडे आली. सुनेला त्याचं फार अप्रूप होतं. तिनं पातेलं चिंच लावून दोनदा घासलं होतं.

आदल्या दिवशी थोरला पंच दारात आला. "सूनबाई, यंदा पहिल्या पातेल्यात जरासं वाटण टाक. कुणाला कळतंय?"

"मला कळेल, आबा."

"तुला कळून काय करायचंय? पाहुण्यांपुढं गावाची अब्रू आहे."

"अब्रू डोंगरावर होती. ती तुम्ही दर बाजाराला शिजवून खाल्लीत."

आबाचा चेहरा लालबुंद झाला. "जीभ आवर. नाहीतर मान दुसऱ्या घरी जाईल, आणि पंगतीत तुमच्या घराचं पान मांडलं जाणार नाही."

तो गेल्यावर सासू हळूच म्हणाली, "घाल की गं चिमूटभर. माझ्या सासूनं राखलेला मान आहे, तिच्या सासूनं राखलेला."

"त्यांनी कधी घातला होता का मसाला, आत्याबाई?"

सासूनं नकारार्थी मान हलवली.

"मग आपण राखायचं काय? नुसती पळी?"

सासूनं मसाल्याचा डबा चुलीजवळ सरकवला आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पातेलं उकळलं, तसा गोठ्याचा वास वर आला. रश्श्यावर जाड तवंग धरला होता. सुनेचा हात डब्याकडे गेला. ती काही शूर नव्हती. पंगतीतून उठवलेल्या घराशी पुढं कुणी सोयरीक करत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं डबा उघडला, वास घेतला. काय झक्क मसाला होता! कुठलंही पाप झाकलं असतं.

तिनं झाकण लावलं आणि वाट्या भरल्या.

पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्यानं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "ह्या मेंढ्यानं डोंगर पाहिलेला नाही," तो म्हणाला आणि उठला. त्याच्यामागं सगळी पंगत उठली.

थोरला पंच सुनेवर खेकसला, "नवखी आहे! हातच वाईट हिचा. वहिनी, पळी तुम्ही घ्या."

सासू पुढं आली. तिनं पळीभर रस्सा चाखला आणि पळी सुनेच्या हातात परत दिली. "माझ्या हातानंही हेच शिजेल, भावजी." उशिरा बोलली, पण बोलली.

पंचांनी तरीही मान काढून घेतला. मात्र तो घ्यायला दुसरं एकही घर पुढं येईना. ते पातेलं आता कोण शिजवणार आणि शिव्या कोण खाणार? शेवटी पळी मागच्या दारानं सुनेकडेच परत आली.

"घेते," ती म्हणाली. "पण डोंगर देईल तेवढंच शिजवीन. आणि आधी दगड जागेवर."

गावातली तरणी पोरं पहारी घेऊन गेली आणि थोरल्या पंचाच्या पायऱ्या उखडून डोंगरावर रोवून आली. आबाला बरेच दिवस धोतर सावरत उंबऱ्यावरून उडी मारावी लागली.

पुढच्या जत्रेत सुनेनं पंचांपुढं वाट्या ठेवल्या. आत नुसतं गरम पाणी, हळद आणि मीठ.

"हे काय?"

"डोंगरानं यंदा एवढंच दिलंय, आबा."

प्यावं लागलं. त्याच्या पुढच्या जत्रेतही तेच.

मग गवतानं मुळं धरली. बी झडलं, पुन्हा उगवलं. एका सकाळी तितर ओरडला. मेंढका थोडी मेंढरं घेऊन परतला. त्या वर्षी गावाला एकच मेंढा मिळाला, एकच पातेलं शिजलं, पण वास पार ओढ्यापलीकडं गेला.

थोरल्या पंचानं घोट घेतला आणि डोळे मिटले. "अहाहा! आमच्या वेळची चव!" वाटी पुन्हा पुढं आली.

सुनेनं पळी वरच धरली. "तुमच्या वेळची तुम्ही खाल्लीत, आबा. आमच्या वेळचीही तुम्हीच खाल्लीत. ही पोरांच्या वेळची आहे. अर्धीच वाटी मिळेल."

तात्पर्य: मसाल्यानं मटण झाकता येतं, उजाड डोंगर झाकता येत नाही. आणि जे वडीलधारे नातवंडांचं ताट चाटून उठतात, त्यांच्यापुढं मान खाली घालण्याला संस्कार म्हणत नाहीत.