फेसाचं घरटं

बाजाराच्या एका गावात एक कासार राहायचा. बायको लवकर गेलेली. घरात तो आणि त्याची मुलगी सगुणा, दोघंच. पोरीला त्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. आता जपावं, नको कोण म्हणतंय? पण मुलगी एकोणीस वर्षांची झाली तरी हा गृहस्थ विहिरीपर्यंत तिच्या मागे जायचा, घागर जड होईल म्हणून!

सगुणाला काचकाम शिकायचं होतं. बांगड्या भरण्यापेक्षा बांगड्या घडवण्यात तिचा जीव. याआधी ती दोनदा घराबाहेर पडली होती. एकदा आत्याकडे महिनाभर राहायला, तर कासार चौथ्याच दिवशी तिला घेऊन आला. म्हणे, "मला घासच उतरेना." दुसऱ्यांदा शेजारच्या गावी कापड रंगवायला शिकायला. तिथूनही आठवड्यात परत. म्हणे, "पोरीचे हात बघा कसे झालेत!"

आता नदीपलीकडच्या काचभट्टीच्या उस्तादांचा निरोप आला होता. या महिन्यात आलीस तर शिकवतो, पुढे जागा नाही. कासार म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." त्यानंतर सगुणाने विचारणंच सोडलं, आणि जेवणही निम्म्यावर आलं. कासार मात्र गिऱ्हाइकांना सांगत सुटला, "पोरगी समजूतदार झाली हो!"

त्याच सुमारास त्याला माशांचा नाद लागला. गावातला म्हातारा धोंडू गवंडी आपल्या ओट्यावर काचेच्या बरण्यांत मासे वाढवायचा. त्याने कासाराला लढाऊ माशांची एक जोडी दिली. नर जांभळा, लांब परांचा. मादी साधी.

गवंडी म्हणाला, "मासे पाळणं सोपं आहे रे कासारा. दाणा टाकला की झालं. खरी गंमत त्यांची वीण करण्यात. एकदा बघशील, मग दुकानात लक्ष लागायचं नाही."

आणि तसंच झालं! कासार पहाटे उठून डबक्यातून डासांच्या अळ्या गाळून आणू लागला. शेजारणीला म्हणायचा, "वहिनी, तुमच्या रांजणात अळ्या झाल्यात का? टाकू नका हं, मला द्या." ती बिचारी कपाळाला हात लावायची.

एका सकाळी बघतो तर नराने तोंडाने बुडबुडे सोडून सोडून पाण्यावर फेसाचं घरटं बांधलेलं. मादीने अंडी घातली. मोहरीपेक्षा बारीक, पांढरी. गवंड्याच्या सांगण्यावरून कासाराने मादीला वेगळं केलं. त्यानंतर नर घरट्याखालून हलेना. अंडं खाली घरंगळलं की तोंडात धरायचं आणि परत फेसात नेऊन ठेवायचं. खाणंपिणं सोडून हेच! दोन दिवसांत पिल्लं निघाली. शेपट्या खाली करून फेसाला उभी लटकलेली, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. कासाराच्या डोळ्यांत पाणी आलं. असलं काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

गवंड्याने बजावलं, "नीट ऐक. आत्ता पिल्लं उभी लटकतात. ती आडवी पोहायला लागली, की त्याच दिवशी बापाला ओगराळ्याने उचलायचं आणि दुसऱ्या बरणीत ठेवायचं."

"बापाला? काका, याच्याइतका चांगला बाप गावात दाखवा मला!"

"चांगला आहे म्हणूनच सांगतोय. उचल."

पिल्लं आडवी पोहू लागली. कासाराने ओगराळं हातात घेतलं, बरणीपाशी गेला आणि परत आला. "एवढं केलंय बिचाऱ्याने. राहू दे दोन दिवस पोरांजवळ," असं म्हणून दुकान उघडायला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी बरणीत एकही पिल्लू नव्हतं. नर एकटाच फिरत होता, पोट फुगलेलं.

कासार तडक गवंड्याच्या ओट्यावर गेला. "राक्षस दिलात तुम्ही मला! पोटची पोरं खाल्ली त्याने!"

गवंड्याने त्याला बसवलं, पाणी दिलं. "राक्षस नाही रे तो. त्याला एकच काम येतं. पिल्लू लांब गेलं की त्याला वाटतं, पडलं. तोंडात धरून घरट्याकडे आणतो. ते परत निघतं, हा परत आणतो. पिल्लू काही थांबत नाही, आणि याला काही कळत नाही. आणता आणता एखाद्या खेपेला गिळलं जातं. मग दुसरं. उपाशी असतो ना तो, त्यांच्यासाठीच उपाशी राहिलेला!"

कासार पाण्याचं भांडं खाली ठेवून घरी आला. सगुणा चुलीपाशी बसली होती.

"सगुणा, महिना संपायला किती दिवस राहिले?"

"तीन. का हो आबा?"

"उद्याची बैलगाडी नदीपर्यंत जाते. कपडे बांध."

तिला खरंच वाटेना. "आबा, तुमच्या जेवणाचं काय? आणि मला न्यायला कधी याल?"

"भात लावता येतो मला. आणि न्यायला मी येणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू ये." कासाराने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "दोनदा आणलंय तुला परत. तिसऱ्या खेपेला माझी मलाच भीती वाटते गं."

सकाळी गाडी निघाली. सगुणाने वळून हात हलवला. कासाराच्या ओठांवर आलं होतं, "अगं, शाल घेतलीस का?" पण त्याने तोंड मिटून घेतलं आणि नुसता हात वर केला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता, आणि रडत होता, हेही खरं.

तात्पर्य काय, तर जोवर लेकरू लटकलेलं आहे तोवर डोळ्यांत तेल घालून जपावं; ते पोहू लागलं की बाजूला होणं हेच जपणं.