महाराजांचं तेल आणि म्हाळाईची मेंढरं

"आमच्या तेलाने मेंढरांचे जंत मरत नाहीत, हे पंधरा दिवसांत सिद्ध कर, पण तसं तोंडाने म्हणायचं नाही. म्हणालीस, तर तुझी शंभर मेंढरं आमच्या मुदपाकखान्यात!"

चंदनगडच्या महाराज उदयादित्यांनी भर दरबारात ही अट घातली ती मायाप्पा धनगराच्या लेकीला, म्हाळाईला. मी शेजारीच बसलो होतो. मी म्हणजे धुंडिराजशास्त्री, महाराजांच्या जनावरांचा राजवैद्य. खरं सांगायचं तर साऱ्या भानगडीचं मूळ मीच.

त्या वर्षी राज्यातल्या मेंढरांना जंतांनी पोखरलं होतं. महाराजांनी स्वतःच्या डोक्याने एक तेल तयार केलं. बदाम, केवडा आणि वर चिमूटभर केशर! बुधला माझ्या नाकाखाली धरून त्यांनी विचारलं, "कसं आहे, शास्त्रीबुवा?" जंतांना केवड्याचं काय कौतुक, असं एखादा शहाणा वैद्य म्हणाला असता. मी म्हणालो, "अमृत!" तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी त्या तेलावर अकरा श्लोक रचले, त्यांतल्या दोन श्लोकांचा अर्थ मलाही लागत नव्हता. महाराज खूश झाले आणि हुकूम सुटला : राज्यातल्या प्रत्येक मेंढराला हेच तेल पाजा, बाकी औषधं बंद!

एकटी म्हाळाई तक्रार घेऊन आली. "म्हाराज, आमी करंजाचं त्याल ताकातनं पाजतो. त्ये बंद क्येलं तर माझी कोकरं जगायची न्हाईत!"

महाराज चिडले आणि त्यांनी ती अट घातली. मला मात्र मनातून बरं वाटलं. पोरगी हरली की माझी अब्रू वाचणार होती!

म्हाळाई जराही डगमगली नाही. तिने दिवाणजींना बरोबर घेतलं, जंत झालेली वीस मेंढरं निवडली आणि दोन वाड्यांत दहा-दहा कोंडली. एका वाड्याला महाराजांचं तेल, दुसऱ्याला करंजाचं. चारा तोच, पाणी तेच. पाजायचं दिवाणजींनीच, म्हणजे लबाडीचं नाव नको. आणि कुठल्या वाड्याला काय पाजलं, हे महाराजांना किंवा मला सांगायचं नाही!

सोळाव्या दिवशी आम्ही वाड्यांवर गेलो.

"शास्त्रीबुवा, तुमीच वळखा," म्हाळाई म्हणाली. "म्हाराजांचं त्याल कुठल्या वाड्याला पाजलंय?"

हे तर सोपं होतं! डावीकडची मेंढरं उड्या मारत होती, उजवीकडची मान टाकून उभी होती. मी डावीकडच्या एका मेंढीची पापणी उलटली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "हाच वाडा! पाहावं महाराज, केशराची लाली डोळ्यांत उतरली आहे!"

"आम्ही लांबूनच ओळखलं होतं!" महाराज मिशीला पीळ देत म्हणाले. मग उजवीकडे वळले. तिथल्या मेंढरांचे डोळे पांढरेफटक, हगवण थांबलेली नाही, दोघींच्या जबड्याखाली सूज. महाराजांना मुक्या जनावरांची दया आली आणि ते कडाडले, "अरेरे! यांना कसलं हे निकामी तेल पाजलंत? कोणत्या गाढवाने बनवलं? नाव सांगा त्याचं!"

दिवाणजी स्वतःच्या जोड्यांकडे बघू लागले. त्यांचे कान लाल झालेले पाहिले आणि मी हळूच दोन पावलं मागे सरकलो.

"म्हाळाई, तू सांग! आमचा हुकूम आहे!"

म्हाळाईने हात जोडले. "म्हाराज, कसं सांगू? त्ये नाव घ्येतलं की तुमची अट मोडती! आन 'निकामी' बी तुमीच म्हनालात, मी न्हाई!"

महाराजांनी डावा वाडा पाहिला. उजवा पाहिला. शेवटी माझ्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

आणि महाराज हसू लागले! इतके हसले, की फेटा सुटून मेंढरांत पडला. "गाढव कोण ते कळलं!" डोळे पुसत ते म्हणाले. "आणि त्याच्या तेलावर श्लोक रचणारा कोण, तेही कळलं! दिवाणजी, आधी या दहांना करंज पाजा. आमचा हुकूम मागे. नदीकाठचं कुरण आजपासून म्हाळाईचं. आणि राज्यात कुठलंही नवं औषध निघालं, की पारख हिने करायची!"

"आणि मी, महाराज?" मी चाचरत विचारलं.

"तुम्ही वर्षभर हिच्या हाताखाली शिका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाड्यावर हजर झालो. ऐटीत एक मेंढी धरली आणि तिची पापणी उलटली. म्हाळाईने माझा हात बाजूला केला.

"शास्त्रीबुवा," ती म्हणाली, "जंतासाठी खालची पापनी बघत्यात. वरची न्हाई!"