डाव्या हातांची शाळा

“…मग त्या पोरीला ठेवू की काढू, तेवढं एक सांगा बाई. बाकी मला काही नको.”

तिजारे बाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

कोहळे सर सतरंजीवर बसले होते आणि बसल्या जागी धुमसत होते. भर उन्हातून मोटारसायकल हाणत आलेले. पन्नाशी उलटलेले मुख्याध्यापक. व्हरांड्यात त्यांचं पाऊल वाजलं की वर्गच्या वर्ग चिडीचूप व्हायचे. आणि इथे मठाच्या मागच्या ओसरीवर पाण्याचा तांब्या तेवढा पुढे आला होता, उत्तर काही येत नव्हतं.

बाईंनी उभी हयात सरांच्याच शाळेत गणित शिकवलं आणि शेवटी शेवटी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतही बसल्या. कोहळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. निवृत्त झाल्यावर नदीकाठच्या मठाने बाईंना मागची खोली दिली. भगवं त्यांनी कधी नेसलं नाही, पोथीला कधी हात लावला नाही. तरी अडलेनडलेले लोक मठातल्या महाराजांकडे जाण्याआधी मागच्या ओसरीवर डोकावून जातात. महाराजांना त्याचा राग येत नाही, कारण तेही बाईंचेच विद्यार्थी.

“काय केलं म्हणते पोरीनं?” बाईंनी विचारलं.

“मघाशी सगळं सांगितलं ना!”

“रागारागात सांगितलं. आता नीट सांग.”

सरांनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शाळेची तपासणी होती. जिल्ह्याहून मोठे साहेब यायचे होते. त्याआधीचा अख्खा आठवडा शाळेत शिकवणं बंद आणि तयारी सुरू. भिंतींवर तक्ते चढले, कुंड्यांना गेरू लागला, मुलींच्या संडासाला कुलूप लागलं, म्हणजे तो स्वच्छ राहील. आणि मग हातांची तालीम झाली.

ही हातांची गोष्ट त्या शाळेबाहेर कोणाला ठाऊक नाही. पाहुण्यासमोर प्रश्न विचारला की वर्गातल्या प्रत्येकाने हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा करायचा, येत नसेल त्याने डावा. शिक्षक उजव्या हातांतल्याच कोणाला तरी उभं करणार, उत्तर बिनचूक येणार, आणि पाहुण्याला काय दिसणार, तर सगळ्या वर्गाचे हात वर. वर्षानुवर्षं पाहुणे खूश होऊन गेले. एकानेही कधी कोणता हात ते पाहिलं नाही.

“नववीचा वर्ग,” सर सांगू लागले. “लोणारे सरांचा गणिताचा तास. साहेब मागच्या बाकावर. लोणारेंनी प्रश्न टाकला, सगळ्यांचे हात वर. फक्त ही रेणुका ढेंगळे. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.”

“मंग?”

“साहेबांनी विचारलं, बाळ, तुला येत नाही का? म्हणते, नाही येत. साहेब म्हणाले, बाकी सगळ्यांना येतं, तुलाच कसं येत नाही? तर ही उभी राहिली बाई. चांगली उभी राहून म्हणते…” सरांचा आवाज चिरकला. “म्हणते, सगळ्यांना नाही येत सर. ज्यांचा उजवा हात वर आहे ना, त्यांनाच येतं.”

त्यानंतर वर्गात जे झालं ते सरांना आठवायचंही नव्हतं. साहेबांनी नजर फिरवली तर जिकडे तिकडे डावे हात. काही पोरांनी घाईघाईने हात बदलले. काहींनी घाबरून दोन्ही वर केले. लोणारे सर हातातल्या खडूकडे पाहत उभे राहिले. साहेब ओरडले नाहीत, हसलेही नाहीत. चहा न घेता निघून गेले. चहा न घेता गेलेला साहेब त्या शाळेने पहिल्यांदाच पाहिला.

बाईंचे खांदे बारीक हलत होते.

“तुम्ही हसून राहिल्या?” राग अनावर झाला की कोहळे सरांची पुस्तकी भाषा सुटायची. “माही सगळ्या जिल्ह्यात फजिती झाली, अन् तुम्ही हसून राहिल्या बाई!”

“सोल,” बाई म्हणाल्या आणि निम्म्या शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या.

मुख्याध्यापक शेंगा सोलू लागले. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

“मंग आता ठरलं काय?”

“ठरवणारे काय कमी आहेत? संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, सोमवारी तिच्या हातात दाखला ठेवा आणि मोकळे व्हा. लोणारे म्हणतात, ती वर्गात असेल तर मी वर्गात पाय ठेवणार नाही. बाकीच्या पोरांचे बाप म्हणतात, आमच्या लेकरांची मान खाली गेली. जो तो माझ्याकडे बोट दाखवतो. तिकडे साहेबांना जाब देणार कोण? मी! इकडे अध्यक्षांच्या शिव्या खाणार कोण? मीच!”

“अन् पोरगी?”

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दुसरी शाळा होती ती तालुक्याला. एसटीने जावं लागतं, आणि ढेंगळ्यांच्या घरातून वयात आलेली मुलगी रोज एसटीने कोणी पाठवणार नव्हतं. दाखला घरी आला की रेणुकाचं शिक्षण तिथेच संपणार, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. तिची आई शाळेत येऊन गेली होती. बसा म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, सर, नापास करा, पण काढू नका. हे सरांनी मघाशी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, तेही शेंगेकडे पाहत.

“तुले काय वाटते?” बाईंनी विचारलं.

“मला काय वाटायचंय! शाळेला शिस्त नको का? आज हिला सोडलं तर उद्या अख्खा वर्ग उठून उभा राहील, आम्हाला येत नाही म्हणून. मग काय करायचं आम्ही?”

बाई नुसत्या बघत राहिल्या.

ते बघणं सरांना सोसवेना. विद्यार्थी असतानाही सोसवत नसे. ते उसळले.

“आणि खरं सांगू का बाई, स्पष्टच बोलतो. ही डाव्या-उजव्याची भानगड मी काढलेली नाही. तुमची आहे. तुमच्या काळात सुरू झाली. मी फक्त चालू ठेवली. उलट नीट बसवली. तुमच्या वेळी पोरं गोंधळायची, आता एक हात इकडचा तिकडे होत नाही.”

“हाव. माहीच हाय.”

“मग?”

“पण तू अर्धीच चालू ठेवली.”

“अर्धी कशी?”

“पाहुणा गेल्यावर मी काय म्हणत होती?”

सरांना आठवत होतं, चांगलं आठवत होतं. पाहुण्याची जीप फाटकाबाहेर गेली की बाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. ‘उजवे घरी जा. डावे थांबा.’ मग फळा पुसला जायचा आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. बाई डाव्यांच्या बाकावर येऊन बसायच्या, एकेकाच्या शेजारी. कोणाला कुठे अडलं ते त्याच्याच तोंडून काढून घ्यायच्या. चार लोकांसमोर लेकराची मान खाली जाऊ नये आणि बाईंना मात्र कळावं, एवढ्यासाठी तो डावा हात होता.

थांबणाऱ्यांत गजा कोहळे ठरलेलाच. अपूर्णांकांनी त्याचा जीव घेतला होता. बाई गूळ-शेंगदाणे द्यायच्या, आणि दिवेलागण झाली तरी सोडायच्या नाहीत. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर सरांनी हे सगळं आठवणीच्या पार तळाशी ढकलून दिलं होतं. डाव्यांत बसलेला मुख्याध्यापक कोणाला आवडतो?

“ते दिवस वेगळे होते,” ते घुश्शात म्हणाले. “आता थांबायला वेळ आहे का कोणाला? सकाळी आलो की माहिती भरा. दुपारी खिचडी शिजली का पाहा, तिचा फोटो पाठवा. निवडणूक आली, जा. जनगणना आली, जा. संस्थेच्या कार्यक्रमाला पोरांची रांग करा. अध्यक्षांचा वाढदिवस, हार आणा. शिक्षक चार वाजल्यापासून घड्याळ बघतात, त्यांना थांबा म्हटलं तर संघटनेचा फोन येतो. आणि पोरं! पोरांना फक्त घंटा ऐकू येते. यात डावे कधी थांबवू मी? कोणत्या तासाला?”

“खरं हाय,” बाई म्हणाल्या. “लय काम लावलं बाप्पा तुमच्यामागं.”

सरांना भांडण हवं होतं. समोरून होकार आला, त्यामुळे ते आणखीच चिडले.

“आणि ती पोरगी तरी काय कमी आहे? मी ऑफिसात बोलावून विचारलं. म्हटलं, नाही येत तर नाही येत, डावा हात वर करायला काय झालं होतं? एवढंसं काम! तर म्हणते…”

“काय म्हणते?”

“काही नाही. उद्धट आहे.”

“काय म्हणते, गजा?”

त्यांना गजा म्हणणारं आता गावात कोणी उरलं नव्हतं. घरी ते ‘अहो’ होते, शाळेत ‘मोठे सर’ होते.

“म्हणते… पाचवीपासून डावाच करते सर. कोणी आलंच नाही.”

मठाच्या पुढच्या अंगणात कोणीतरी बादली आपटली. नदीच्या वाटेने म्हशी चालल्या होत्या. बाई शेंगा सोलायच्या थांबल्या होत्या.

ऑफिसात हेच वाक्य सरांना तोंड वर करून दिलेलं उत्तर वाटलं होतं. इथे स्वतःच्याच तोंडून ऐकलं तेव्हा ते तसं वाटेना. त्याचाही त्यांना राग आला. हातातल्या शेंगा त्यांनी सुपात फेकल्या, हात झटकले, पँटला पुसले.

“ते जाऊ द्या. मला उशीर होतोय. ठेवू की काढू, एका शब्दात सांगा, म्हणजे मी निघतो.”

बाईंनी सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. पदर खोचला. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि घरची वऱ्हाडी बोली सोडून वर्गातल्या मराठीत, वर्गातल्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“रेणुका ढेंगळेला गणितातलं नेमकं काय येत नाही? कोणाला माहीत आहे? हात वर!”

तो आवाज कानावर पडला आणि विचार करायला वेळच उरला नाही. कोहळे सरांचा हात वर गेला. वर गेल्यावर त्यांनी पाहिलं.

डावा होता.

उजवा मांडीवर रिकामा पडला होता.

सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपण कोण, आपलं वय काय, आणि हे काय करून बसलो, असं त्यांना झालं. कोणी पाहत तर नाही ना म्हणून त्यांनी मागच्या अंगणाकडे नजर टाकली. अंगणात कोणीच नव्हतं.

बाईंनीही त्या रिकाम्या अंगणावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भरलेल्या वर्गावरून फिरवावी तशी.

“उजवे घरी जा,” त्या म्हणाल्या.

“…बाई, मला कळलं,” सर पुटपुटले. “सोमवारी मी…”

बाईंनी ऐकलं नाही. भिंतीचा आधार घेत त्या ओसरीच्या या टोकाला आल्या. सतरंजीच्या कडेला, कोहळे सरांच्या अगदी शेजारी, गुडघे दुखत होते तरी मांडी घालून बसल्या.

सर हात खाली घेऊ लागले.

“राहू दे वर, गजा,” बाई म्हणाल्या. “मी आली.”