माळेमागची सुई

फार वर्षांपूर्वी, यंत्रं एकमेकांशी कडाकडा भांडायची तेव्हा, गॅसवर वीज करणाऱ्या एका केंद्रात करंगळीएवढी एक सुई होती. चिमणीतून किती विषारी वायू बाहेर पडतो, ते ती तबकडीवर दाखवायची.

खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा करायला मोठे साहेब येणार होते.

"सुईबाई, पूजेपुरतं जरा खाली बसा," टर्बाइनराव म्हणाले. "साहेबांना माझी वीज दिसू दे. तुम्ही अशा लाल पट्ट्यात उभ्या दिसलात, तर मला बंद करतील!"

"तुम्ही जरा दमानं फिरा, मी लगेच बसते. मला काय उभं राहायची हौस आहे? या वयात पाय दुखतात हो."

"पण माझा धूर दिसतो तरी का कुणाला?"

"दिसत नाही, म्हणून तर मला ठेवलंय."

"भंगारात जाल!"

सुई आतून टरकली, पण हलली नाही. मग केंद्र सांभाळणाऱ्या घारपुऱ्यांनीच तबकडीवर झेंडूची जाडजूड माळ सोडली. सुई पार झाकली गेली. टर्बाइनराव खुशीत घरघरले.

साहेब आले. एकेका यंत्राला कुंकू लावत तबकडीपाशी पोचले. काचेला बोट टेकवायला त्यांनी झेंडू बाजूला सारला आणि बोट तसंच हवेत राहिलं.

"घारपुरे, हे रोज असंच असतं?"

घारपुऱ्यांनी मान खाली घालून माळ काढून घेतली.

"झालं समाधान?" टर्बाइनराव फणकारले. "आता आधी तुलाच उपटून टाकतील!"

"टाकू देत की," सुई ताठ उभी राहून म्हणाली. "नवी आणतील, तीही इथंच उभी राहील."