खो द्यायचा कुणी

"मग मॅट कुठून आणायची, मास्तर? तुम्हीच सांगा."

केरबा मास्तर खांबाभोवतीची माती पायानं दाबत होते. वय ब्याऐंशी. याच मैदानावर त्यांनी चाळीस वर्षं खो-खो शिकवला. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा दिगंबर शेलार. त्यांचाच जुना शिष्य, एके काळचा कर्णधार, आता तालुक्याच्या मुलींच्या लीगचा सचिव. मी समितीतला एक सभासद, त्याच्या आग्रहानं सोबत आलेला.

"राज्याचे सामने मॅटवर होतात. आपल्या पोरी मातीवर शिकतात आणि तिथं जाऊन घसरतात. वर्गणी मागून थकलो. लिलाव केला, एका संध्याकाळी मॅटचे पैसे उभे राहिले."

"कशाचा लिलाव?"

मास्तरांना ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"खेळाडूंचा. म्हणजे... मोठ्या लीगमध्ये करतात तसा. व्यापारी मंडळी संघमालक झाली. एकेक मुलगी स्टेजवर यायची, मालक बोली लावायचे. टाळ्या पडत होत्या, मास्तर. आईबाप फोटो काढत होते."

"मग माझ्याकडं काय काम काढलंस?"



"चैताली खरात. बारा वर्षांची आहे. तिच्यावर कुणी बोली लावली नाही. तीन दिवस झाले, मैदानावर फिरकली नाही. आता खेळणारच नाही म्हणते. तुमचं ऐकेल ती. एकदा तिच्या घरी जाऊन या."

"तू गेला नाहीस?"

"निरोप धाडला होता. फुकट घेतो म्हणालो संघात. तरी येत नाही."

"फुकट."

"हो."

"दिलदार आहेस."

मास्तरांनी काठीनं मातीत एक चौकोन आखला.

"बस."

"मास्तर, इस्त्रीची पँट आहे."

"तू दहा वर्षांचा असताना तुझी पँट पाहिलीय मी. मागनं फाटकी होती. बस."

दिगंबरनं बूट काढले आणि चौकोनात बसला. चवड्यांवर, हात पुढं टेकून, मान वर. शरीर काही विसरलं नव्हतं.

मास्तर त्याच्या मागं जाऊन उभे राहिले.

...

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मला फार वाटला. पण असले माझे अंदाज सहसा चुकतात.

दिगंबरच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. उठला असता तर कोण अडवणार होतं? पण खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे त्याला याच माणसानं शिकवलं होतं.

"मास्तर, खो द्या."

"किती देतोस?"

दिगंबर हसला. मागून हसू आलं नाही.

...

"माइक कुणाच्या हातात होता, दिग्या?"

"माझ्याच."

"तिचं नाव किती वेळा पुकारलंस?"

"तीनदा."

"मग?"

"मग... 'चला, पुढची' म्हणालो. लोक हसले."

"आधी कोण हसलं?"

दिगंबरची बोटं मातीत रुतली.

"मी," तो म्हणाला. "काहीतरी करायला हवं होतं. ती तिथंच उभी होती... जातच नव्हती. मला वाटलं, हसलं की प्रसंग निभावेल."

मास्तर एक पाऊल जवळ आले.

"स्टेजवरून उतरताना तिनं माझ्याकडं पाहिलं, मास्तर. मी पुढचं नाव वाचलं."

त्याच्या पाठीवर मास्तरांचा हात पडला. अगदी हलका.

"खो."

दिगंबर उठला. आणि तो उठताच ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस एका हातानं काठी, दुसऱ्या हातानं गुडघा धरत त्याच्या जागी मातीत बसला.

"मास्तर, हे काय करता? उठा. पाय धरतील."

"नियम विसरलास? खो दिला की देणाऱ्यानं बसायचं."

दिगंबरनं माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी शहाणपणाचं बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी दोन विषयांत एमए आहे. मला एवढंच सुचलं:

"मास्तर, लिलावाच्या ठरावाला हात मीही वर केला होता."

"मग उभे का? पुढच्या चौकोनात बसा. तोंड तिकडं करा."

मी बसलो. मास्तरांच्या उलट दिशेला तोंड करून, जसं बसायचं असतं तसं. माती थंड होती. तोंड पलीकडं असल्यामुळं पुढचं मी फक्त ऐकलं.

"मालकांना आज सांगतो," दिगंबर म्हणाला. "बोली मोडली म्हणून. पैसे परत."

"ते तुझं तू बघ."

"आणि मॅट?"

"माती कुठं जात नाही. तिचं घर कुठं आहे?"

"कुंभारगल्लीत. शेवटचं."

"पळत गेलास तर पाच मिनिटं. आता तेवढा दम राहिलाय का, कर्णधार?"

बूट घालण्याचा आवाज आला नाही. अनवाणी पावलं दूर गेली... थांबली... आणि परत आली.

"मास्तर, तिनं दार उघडलं नाही तर?"

"दाराबाहेरनं सांग."

"काय सांगू?"

"सांग, मास्तर मैदानात बसलाय. खो तिनं द्यायचाय."