रुईखेड्याची बिनदाराची वेस

या, असे आत सावलीला उभे राहा. ऊन उतरेपर्यंत इथला दगड हात लावू देत नाही.

ही आमच्या रुईखेड्याची वेस. कमान शाबूत आहे. दोन्ही बाजूंचे बुरूज अर्धे ढासळले, तरी उभे आहेत. उंबऱ्याच्या दोन टोकांना वाटीसारख्या खोबणी दिसतात ना, त्यांत दारांचे खुंट फिरायचे. भिंतीतल्या या भोकात अडसर सरकवून ठेवायचे. हात घालून पाहा, खांद्यापर्यंत आत जाईल. सगळं जागेवर आहे, फक्त दारं नाहीत. येणाऱ्याला वाटतं कुजून गेली असतील, नाहीतर कुणी लाकडासाठी नेली असतील. तसं नाही. या वेशीला दोनदा दारं केली. पहिली जळाली. दुसरी कधी लागलीच नाहीत. माझ्या चुलत्यानं मला इथंच उभं करून सांगितलं, तसंच मी तुम्हाला सांगतो.

पेंढाऱ्यांचा काळ होता. पावसाळा सरला, नद्यांचं पाणी उतरलं की त्यांच्या टोळ्या सातपुड्यापलीकडून खाली उतरायच्या. धान्य, गुरं, तांब्या-पितळेची भांडी, हाताला लागेल ते न्यायचे. दडवलेलं कुणी दाखवलं नाही, तर त्याच्या तोंडाला गरम राखेचा तोबरा बांधायचे. श्वास घेतला की राख छातीत जायची. आमचे पाटील तेव्हा कोंडाजी. त्यांचा धाकटा भाऊ बाजाराहून येताना असाच सापडला होता. घरी आणला तेव्हा जिवंत होता म्हणे, पण आवाज फुटत नव्हता. तो जाईपर्यंत पाटील त्याच्या उशाशी बसून होते. त्यानंतर त्यांनी तटाची डागडुजी केली, सागाची जाड दारं घडवली, त्यांवर लोखंडी पट्ट्या मारल्या. गावातून बाहेर पडायला ही एकच वाट होती.

वेस राखायचं काम सिदनाक येसकराचं. आणि ज्यानं वेस राखायची त्याची झोपडी वेशीच्या बाहेर. दारं लागली की गाव आत आणि येसकराची वस्ती बाहेर. तेव्हा तसंच चालत होतं, आणि आतल्या कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

सिदनाकाची बायको धुरपा. एका सकाळी ती नदीवर गेली, तर लव्हाळ्यात एक उंच माणूस पडलेला, डाव्या कानाची पाळी तुटलेली. जवळच घोडा मरून पडला होता. माणसाच्या मांडीत भाला घुसून निघाला होता, जखमेवर माश्या बसल्या होत्या. कुठल्यातरी गावच्या राखणदारांनी पिटाळला असावा. कपड्यांवरून, कमरेच्या म्यानावरून धुरपेला तो कोण ते कळलं असणारच. तिनं ओंजळीनं त्याला पाणी पाजलं. त्याला बोलायचं होतं, तर म्हणाली, "आधी पी. मग सांग."

तिनं पदर फाडून मांडी बांधली आणि त्याला खांद्याचा आधार देत झोपडीपर्यंत आणलं. सिदनाकानं पाहिलं आणि त्याची काठीवरची मूठ घट्ट झाली. पण त्यानंही त्याला आत घेतला. भाकरी दिली. ज्वारीची घट्ट आंबील दिली. माणूस खात होता आणि रडत होता, असं सांगतात.

पोटात अन्न गेल्यावर तो म्हणाला, "बाई, तू मला कोण म्हणून विचारलं नाहीस. मीच सांगतो. मी टेहळ्या आहे. तुमचंच गाव बघायला आलो होतो."

सिदनाक म्हणाला, "मग बघितलंस का?"

"बघितलं. घोडा पडायच्या आधी माझ्या जोडीदाराला सांगून पाठवलंसुद्धा. उद्या दुपारी ते येतील. वेशीबाहेर कडब्याच्या गाड्या उभ्या आहेत ना, त्याच दाराला रेटतील आणि पेटवतील. सगळं गाव आग विझवायला इकडं धावलं, की नदीच्या अंगाला तट बसका आहे, तिथून आत शिरतील. आतल्यांना पळायला वाट राहणार नाही. आजच गाव सोडा. डोंगरात जा."

धुरपेनं विचारलं, "हे आम्हाला का सांगतोस?"

तो म्हणाला, "कालपर्यंत सांगितलं नसतं."

सिदनाक तसाच उठला आणि पाटलांकडे गेला. पेंढारी सापडला एवढाच शब्द गावभर आधी पोचला. माणसं काठ्या, कोयते घेऊन बाहेर आली. कोंडाजी पाटील पुढे होते. त्यांनी त्या माणसाचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाव सोडा म्हणतो. म्हणजे आम्ही बायकापोरं घेऊन उघड्या माळावर निघायचं आणि याच्या सोबत्यांनी आम्हाला तिथं कापायचं. माझ्या भावालाही असंच गोड बोलून थांबवलं होतं का रे?"

"पाटील, तो खरं बोलतोय," सिदनाक म्हणाला. "खोटं बोलायला त्यानं तोंड उघडलंच नसतं. मी विचारलंसुद्धा नव्हतं."

पाटलांनी त्याला काठीनं बाजूला केलं. मग त्या माणसाला झोपडीतून पायाला धरून ओढून आणलं, या उंबऱ्यासमोर. पहिला दगड कुणी मारला ते कुणी सांगत नाही. सिदनाक त्याच्यावर आडवा पडला, तर त्याच्याही पाठीवर काठ्या बसल्या आणि दोघांनी ओढून त्याला दूर केला. जखमी माणसाला उठताही येत नव्हतं. हातानं डोकं झाकत होता. हात मोडले, मग डोकं झाकायला काही राहिलं नाही. ज्यांनी आयुष्यात कोंबडंसुद्धा मारलं नव्हतं, त्यांनीही त्या दिवशी हात घातला. काम आटोपल्यावर माणसं एकमेकांकडे न बघता आत गेली. सूर्य अजून वर होता. तरी दारं लावली, अडसर सरकवला.

धुरपेनं आणि सिदनाकानं त्या माणसाला या बुरुजाच्या मागं पुरलं. मग धुरपा म्हणाली, "त्यानं सांगितलं तसं करायचं." बाहेरची सगळी वस्ती गुरंढोरं, म्हातारीकोतारी घेऊन डोंगरावर चढली. जाताना सिदनाकानं गाड्या ओढून न्याव्यात म्हणून तटावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली. पण बैल आत बांधलेले होते, आणि दार उघडायला वरून नकार आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंढारी आले. सगळं सांगितलं होतं तसंच झालं. गाड्या दाराला भिडवल्या, कडबा पेटला. ज्वाळा कमानीच्या वर गेल्या. गाव घागरी घेऊन वेशीकडे धावलं. तेवढ्यात नदीकडून आरोळ्या उठल्या. ते तटावरून आत उतरले होते. मग गल्ल्यांतून जे चाललं ते माझ्या चुलत्यानं मला सगळं सांगितलं होतं. मी तुम्हाला सगळं सांगणार नाही. दारात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला भाल्यानं चौकटीला खिळवला. एकीच्या कानातली फुलं निघेनात, तर कानच उतरवले. घरं पेटली. माणसं वाट फुटेल तिकडे पळत सुटली, आणि सगळ्या वाटा शेवटी इथंच येतात.

इथं दार जळत होतं. लोखंडी पट्ट्या लाल झाल्या होत्या. दार आगीनं वाकलं, अडसर भिंतीत अडकला, हलेना. पुढच्यांना मागचे रेटत होते. मागच्यांवर तलवारी चालत होत्या. पुढचे दारावर भाजत होते आणि मागं सरायला जागा नव्हती. दार परक्यांना अडवायला केलं होतं, म्हणे, त्यात गावच कोंडलं.

डोंगरावरून हे सगळं दिसत होतं. खाली आपल्याला बाहेर ठेवणारी माणसं होती, आदल्या दिवशी पाठीवर काठ्या घालणारी माणसं होती. सिदनाकानं कुऱ्हाड उचलली. त्याच्या मागं वस्तीतले चार-सहा जण निघाले. वेशीबाहेर घोडे सांभाळायला मोजकेच पेंढारी होते. त्यांच्याशी झटापट झाली, वस्तीतले दोघं तिथंच पडले. बाकीच्यांनी जळत्या गाड्या दांड्यांनी मागं ढकलल्या. सिदनाक आगीत शिरला आणि दाराच्या खुंटावर घाव घालू लागला. खालचा खुंट तुटला. मग वरचा. त्याच्या अंगावरचं कापड पेटलं होतं, तरी तो घाव घालत राहिला. दार बाहेरच्या बाजूला कोसळलं ते त्याच्याच अंगावर. आणि त्याच जळत्या दारावरून गाव बाहेर आलं.

बाहेर आलेल्यांत कोंडाजी पाटील होते. दार उचलायला तेच आधी वाकले. त्यांच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली, बोटं पुढं कधी सरळ झाली नाहीत. खाली सिदनाक होता, पण त्याचा श्वास गेला होता. धुरपा डोंगरावरून धावत आली. तिनं पाटलांकडे पाहिलंसुद्धा नाही.

पेंढारी लूट घेऊन निघून गेले. गाव हळूहळू सावरलं. उन्हाळ्यात नवी दारं करायचं ठरलं. सुतारानं ती इथंच, वेशीसमोर घडवली, पहिल्यापेक्षाही जाड. लावायच्या दिवशी गाव जमलं होतं. तेव्हा उत्तरेच्या वाटेनं एक म्हातारी काठी टेकत आली. निमाडकडची होती, मोडकंतोडकं मराठी बोलत होती. गावोगाव विचारत निघाली होती. माझा मुलगा, उंच, डाव्या कानाची पाळी तुटलेली, वाईट संगतीला लागला, कुणी पाहिला का?

गावचे कुलकर्णी पाटलांच्या कानाशी लागले, "लढाईत गेला म्हणून सांगा. तिलाही तेवढंच बरं वाटेल." 

कोंडाजींनी नकाराची मान हलवली. ते म्हातारीसमोर जाऊन खाली बसले.

"आई, तो इथं आला होता. जखमी होता. त्यानं आम्हाला खरं सांगितलं, तुमच्या जिवावर संकट येतंय म्हणून. आम्ही त्याला मारला. मी मारला. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं, त्याला उठताही येत नव्हतं."

म्हातारीनं सुताराचा वाकस उचलला. पाटलांनी मान खाली घातली आणि जवळ येणाऱ्या माणसांना हातानं थांबवलं.

तिनं वाकस उगारला आणि शेजारी पडलेल्या दारावर घातला. पुन्हा घातला. फळीच्या ढलप्या उडायला लागल्या. हाताला फोड आले, ते फुटले, दांडा रक्तानं निसटायला लागला, तरी ती दारावर घाव घालत होती. ऊन डोक्यावर आलं. शेवटी तिचा हात उचलेना, तेव्हा ती त्या ढलप्यांतच बसली.

धुरपा पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. म्हातारी पाणी प्यायली. तिनं विचारलं, "त्यानं काही खाल्लं होतं?"

"भाकरी खाल्ली," धुरपा म्हणाली. "आंबील प्यायला. दुसऱ्यांदा मागून घेतली."

तेव्हा कुठं ती म्हातारी रडली. धुरपेनं तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "नाव काय होतं त्याचं? आम्ही विचारलंच नाही."

"सुभान," म्हातारी म्हणाली.

तो हिंदू होता की मुसलमान, हे तिनं सांगितलं नाही, आणि त्या नावावरून आमच्याकडे कळत नाही. गावानं पुन्हा कधी विचारलं नाही. पाटील उठले. सगळ्या गावादेखत त्यांनी धुरपेच्या हातातला तोच तांब्या मागून घेतला आणि आपल्या वाकड्या बोटांनी तोंडाला लावला. तोवर त्या घरचं पाणी गावातलं कुणी प्यायलं नव्हतं. सुतारानं विचारलं, फळ्या बदलून दारं दुरुस्त करू का? पाटील म्हणाले, "राहू दे."

म्हातारी परत गेली नाही. धुरपेच्या झोपडीत राहिली, तिथंच मेली. दोघींनी मिळून वेशीत पाण्याचा रांजण ठेवला होता. वाटसरू आला की आधी पाणी द्यायच्या. कोण, कुठला, हे तो आपण होऊन सांगेल तेव्हा.

आजही वेशीला दारं नाहीत. तटातले दगड लोकांनी घरांना नेले, पण या खोबणींत कुणी माती भरू देत नाही. आजही परक्या माणसाला आमच्याकडे नाव विचारत नाहीत, आधी पाणी देतात, आणि तो रांजण येसकरांच्या घरून भरून येतो. आणि आजही पाटलांच्या घरात आणि येसकरांच्या घरात दर पिढीला एका मुलाचं नाव तेच ठेवतात. संध्याकाळी या कमानीत उभं राहून कुणी "सुभान" म्हणून हाक मारली, तर वरच्या गल्लीतून आणि खालच्या गल्लीतून, दोन्हीकडून एकदम 'ओ' येते.