फटीत मावेल एवढं

त्या रानात दर हंगामाला माद्यांना झाडात लिंपून टाकत, आणि त्याला मान म्हणत.

रान धनेश पक्ष्यांचं. इतकं दाट, की सावलीलासुद्धा खाली उतरताना वाट विचारावी लागे. हंगाम आला की मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरे, नर चिखल आणून देई, आणि दोघं मिळून ढोलीचं तोंड बंद करत. दोघं मिळून, हे महत्त्वाचं. पुढे कुणी कुरकुरलीच तर ‘तुझ्याच चोचीनं लिंपलंस ना?’ असं विचारायची सोय राही. भिंतीत फक्त एक उभी फट ठेवत, उंबर आत जाईल एवढी. पिल्लं वाढेपर्यंत मादीनं आत बसायचं, नरानं फळं आणायची. नर उन्हातान्हात किती फेऱ्या मारतात यावर त्या रानात गाणी होती. आत काय होतं यावर एकही नव्हतं.

आत पिसं गळत. उडायची मोठी पिसं, सगळी एकदम. मग हळूहळू नवी येत. नव्या पिसाच्या बुडाशी एक फिकट कडं असे, पण पंख मिटला की ते झाकलं जाई, आणि चांगल्या घरच्या मादीनं पंख मिटूनच बसावं असा रिवाज होता. त्यामुळे हे घडे सगळ्यांना, आणि वाटे प्रत्येकीला की आपल्या एकटीलाच झालं.

घड्या नेमक्या कुणी सुरू केल्या ते सांगता येत नाही. कुणा एकीला राग आला आणि चोचीजवळ पान होतं, एवढंच समजतं. पळसाचं पान घ्यायचं, सागाची कोवळी पालवी चुरून लाल रंग करायचा, लिहायचं, घडीवर घडी घालायची आणि बांबूच्या हिरानं टाचायचं. मापाला नियम एकच: फटीत मावली पाहिजे. नाव घालायचं नाही. त्या हंगामात मोकळ्या असलेल्या माद्या उंबराआडून घडी आत सरकवत. आतली वाचे, आपल्या चोचीची खूण करी आणि पुढे पाठवी. कुठलं फळ खाल्लं की पोट धरतं, पाय आखडले तर काय करावं, ‘बरी आहेस ना?’ विचारून उत्तराआधीच उडून जाणाऱ्या नवऱ्यांच्या नकला, असं सगळं त्यात असे. एका घडीत तर पानभर नुसती शिवी होती. तिला मागणी फार.

हंगाम सरला की ओढ्याकाठच्या खडकावर घड्यांची जत्रा भरे. अध्यक्ष नाही, उद्घाटन नाही. एक द्यायची, एक घ्यायची. जिच्याकडे काही नसे ती तिथेच बसून बनवी, आणि शेजारची तिला वाकून सांगे, ‘अगं, एवढं सभ्य नको लिहूस, झोप येते.’

या सगळ्यांत जुनी होती पिसांची घडी. तिच्यात दोनच वाक्यं: ‘पिसं गळतात. परत येतात.’ खाली, वाचणाऱ्या प्रत्येकीनं आपल्या गळलेल्या पिसाचं एकेक तूस डिंकानं चिकटवलेलं. किती पिढ्यांची तुसं होती कुणास ठाऊक. घडी पिल्लासारखी मऊ लागे. ढोलीत पहिल्यांदा बसणारीला आधी ती मिळे.

त्या वर्षी ती सांभाळत होती भारंगी. वयानं मधली, जिभेनं तिखट. ‘माझ्या ढोलीला ओल आली आहे’ ही सबब तिनं पुन्हा एकदा पचवली होती, म्हणून मोकळी होती.

नेमकं त्याच वर्षी रानाच्या थोरामोठ्यांना घड्यांचा पत्ता लागला. रानाचे प्रमुख टोपाजी. चोचीवरचा टोप त्यांचा सगळ्यांत मोठा. त्याच्या वजनानं मान सारखी खाली जाई आणि समोरच्याला वाटे, होकार मिळाला. त्यांनी घड्या बघितल्या आणि म्हणाले, “आपल्या माद्या लिहितात! केवढं हे आपलं मोठेपण!” मग ग्रंथ काढायचं ठरलं. संपादक नेमला साळिंदर. अंगावर इतक्या लेखण्या असून जन्मात एक अक्षर लिहिलं नव्हतं, म्हणजे निःपक्षपाती.

“सगळ्या घड्या द्या,” साळिंदर मोकळ्या माद्यांना ओढ्याकाठच्या खडकावर गाठून म्हणाला. “ग्रंथ झाडाझाडाला पोचेल.”

माद्यांत वाद झाला. शेवटी भारंगीच म्हणाली, “द्या गं. पुढे जावं म्हणूनच तर बनवतो. आपल्या पंखांनी किती झाडं होणार?” आणि तिनं पिसांची घडीसुद्धा दिली.

थोड्याच दिवसांत कुडा तिच्याकडे आला. साधा नर, त्याची उक्षी पहिल्यांदाच ढोलीत बसली होती.

“आक्का, जरा येता? उक्षी उंबर परत बाहेर ढकलते. परवापासून चोचसुद्धा दाखवत नाही.”

“तू काही बोललास?”

“मी काय बोलणार? रोज विचारतो, बरी आहेस ना.”

“आणि?”

“आणि जातो.”

भारंगी उक्षीच्या झाडाला चिकटून बसली. बऱ्याच वेळानं फटीतून आवाज आला. “आक्का, कुणाला सांगू नकोस. माझी पिसं गळाली. सगळी. मी सडतेय गं.”

“वेडे, सगळ्यांचीच गळतात.”

“तुझी तर आहेत.”

भारंगीनं पंखातलं एक पीस उपटून आत सरकवलं. “बुडाशी बघ, फिकट कडं. हे गळून परत आलेलं.”

उक्षी म्हणाली, “म्हणजे तुलाही हाच रोग झाला होता.”

“रोग नाही गं बाई!”

“आई कधी बोलली नाही. सासू बोलली नाही. सगळ्यांची गळत असती, तर कुणीतरी बोललं असतं ना?”

याचं उत्तर पिसांच्या घडीत होतं, आणि घडी साळिंदराकडे. दुसऱ्या माद्यांकडे एकेक पीस मागावं, तर त्या चेहरा फिरवतील. घडीवर नाव नसतं, म्हणून तर तूस लावता येतं.

ती तडक पठारावर गेली. थोरामोठ्यांनी यंदा जत्रा ओढ्याकाठून तिथे हलवली होती, हंगाम सरायची वाट न बघता, आणि तिचा महोत्सव झाला होता. फुलांची कमान, शेवाळाच्या शाली, सत्कार. सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार. घड्या बनवणाऱ्या माद्यांना पाण्याचे द्रोण धरून रांगेत उभं केलं होतं. कार्यक्रमात त्यांचा सहभाग हवाच, असा आग्रह होता.

“साळिंदरराव, पिसांची घडी द्या. एका दिवसापुरती.”

“आता ती सुटी कुठली, बाई? ग्रंथात आहे.” त्यानं अभिमानानं ग्रंथ उघडला. केळीच्या पानाएवढी पानं. आधी टोपाजींची प्रस्तावना, ‘लिंपणाचे ऋण’, बरीच लांब. मग एका कोऱ्या पानाच्या मधोमध: ‘पिसे गळतात. परत येतात.’

“आणि खालचं?”

“खालचं कसलं?”

“तुसं. चोचींच्या खुणा.”

“अहो, ते डाग! साफ करायला मुंग्यांची अख्खी रांग लावली होती. बघा, कसं निर्मळ दिसतंय.”

“मूळ पान तरी द्या.”

“सगळी मूळ पानं कुटून पुठ्ठा केला. म्हणून तर बांधणी इतकी भक्कम आहे.” त्यानं पुठ्ठ्यावर नखानं वाजवून दाखवलं.

भारंगीनं त्या पानभर शिवीतली पहिली ओळ म्हटली.

“हो, हो, तीही घेतलीय!” साळिंदर खुलला. “परिशिष्टात.”

“अहो, तिकडे एक पोर उपाशी बसलीय ढोलीत!”

हे मात्र टोपाजींनी ऐकलं. मान खाली गेली. “मग पहिली प्रत तिलाच!” ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

ग्रंथाची मिरवणूक उक्षीच्या झाडाशी आली. द्रोण घेऊन माद्यांची रांगही मागून आली. ग्रंथ फटीला लावला, जाईना. उभा केला, आडवा केला, कोपऱ्यानं ढकलला. फट ती फटच.

“वाचकाची तयारी कमी पडते,” साळिंदर म्हणाला. “असू दे. दाराशीच बसवू. बाहेर आली की वाचेल.”

आणि काय सांगावं, फटीवर तो असा बसला, जणू माप घेऊनच केला होता. कडेनं ओला चिखल थापला गेला. आतला उजेड गेला असणार, कारण आतून काहीतरी धडपडल्याचा आवाज आला.

कुडा उंबर चोचीत धरून उभा होता. त्यानं ते खाली ठेवलं. “महाराज, मग मी हे द्यायचं कुठून?”

“उंबर रोजचंच आहे,” टोपाजी म्हणाले. “ग्रंथ रोज येतो का?”

तेवढ्यात आतून टकटक सुरू झाली. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला चोच आपटत होती.

“ऐका!” साळिंदर ओरडला. “वाचतेय!”

टाळ्यांचा पाऊस पडला. टकटक वाढली, तशा टाळ्या वाढल्या. कुडा टाळ्या वाजवत नव्हता. त्यानं चोच लावून ग्रंथ ओढून पाहिला. दोन स्वयंसेवकांनी त्याला प्रेमानं मागे घेतलं.

भारंगी झाडावर चढली. ग्रंथ आणि खोडाची साल यांच्यामध्ये, कोपऱ्यात, चिखल नीट भरला नव्हता. पिसाएवढी जागा होती. तिनं सगळ्यांसमोर पंख उघडला. गर्दीत कुणीतरी दचकून मान वळवली. तिनं एक पीस उपटलं, फिकट कडं असलेलं, आणि त्या जागेतून आत सरकवलं.

आतून ते ओढून घेतलं गेलं. टकटक मात्र तशीच चालू राहिली.

मग रांगेतल्या एका म्हातारीनं द्रोण खाली ठेवला. ती उक्षीची सासू होती. तिनं पंख उघडला, तो किती वर्षांनी उघडला होता कुणास ठाऊक, आणि पीस उपटून भारंगीच्या चोचीत दिलं. तिच्यामागची आली. तिच्यामागची. पाणी सांडलं, चिखल झाला, द्रोण पायाखाली गेले. पिसामागून पीस आत जात राहिलं.

“ग्रंथाला पिसं वाहताहेत,” साळिंदर टोपाजींच्या कानाशी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

आतली टकटक थांबली.

“संपवलं वाटतं वाचून,” टोपाजी म्हणाले, आणि ते अभिनंदनासाठी झाडाखाली जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळानं टकटक पुन्हा सुरू झाली. आता ती पुठ्ठ्यावर नव्हती. खालच्या बाजूला होती, जुन्या सुकलेल्या लिंपणावर. आणि बाहेरून त्याच जागी एक चोच तिला ठेका देत होती. मग दोन. मग कुडाची.

लिंपणाचे बारीक कण खाली पडू लागले. टोपाजींना वाटलं, अक्षता. त्यांनी टोप आणखी खाली झुकवला.